भिंतीकडं फिरवलेलं पातेलं

आमच्या गावात लग्नाला देवळाची मोठी भांडी हवी असतील, तर घरातल्या पुरुषानं देवीच्या पालखीला खांदा द्यावा लागे. वडील फौजेत होते. बहिणीचं लग्न ठरलं त्या वर्षी आई खांदा द्यायला गेली, तर पंच म्हणाले, "बाईचा खांदा चालत न्हाई." पालखीत बसलेली कोण होती मग?

आईनं बौद्धवस्तीतून विहाराचं पातेलं मागून आणलं. विहाराचं नाव कोरलेली बाजू भिंतीकडं ठेवली. कुणी वाचलं असतं तर पंगत उठली असती. पंगतभर मी सारखी तिकडंच बघत होते.

पंच दोनदा भात घेऊन, ढेकर देत उठले. तेव्हा आईनं पातेलं फिरवलं.