ओहोटीत सरळ

माझी धाकटी बहीण भाविका पोहायला शिकली ती पनवेलजवळच्या आमच्या गावच्या खाडीत, पाठीला रिकामा कॅन बांधून. बाबांनी तिच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. ओहोटीत समोरचा काठ गाठायचा तर ओढीच्या विरुद्ध तिरकं पोहायचं, म्हणजे माणूस बरोबर समोर लागतो.

पुढे ती पोहण्याच्या प्रशिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला गेली. तिथल्या तरणतलावात हीच सवय नडली. ती सारखी आपल्या पट्ट्याच्या डावीकडच्या दोरीला घासायची. कोचने दोन वर्षं खपून तिला सरळ केली. मग पदकं आली. फोनवर आई विचारायची, "बरं वाटलं का गं?" ती म्हणायची, "हो, झालं."

यंदा ती सुट्टीला आली तर गावाने तिला थेट खाडीवरच नेलं, हारबीर घालून. मला त्या तमाशाचा संताप आला होता. भाविकाने उडी घेतली आणि समोरच्या काठाकडे सरळ, सुरेख हात मारत सुटली. ओहोटीने तिला खाली पार पुलापर्यंत नेलं. पोरं हसली. तिचे हात तसेच चालले होते.

बाबा आणि मी होडी घेऊन गेलो. ती चिखलात उभी होती. कालवांच्या शिंपल्यांनी पोटरी फाटली होती.

"पानी ओढतंय, तुला कळलं नाय?" बाबांनी विचारलं.

"नाही."

बाबांनी खांद्यावरचा पंचा जखमेवर दाबला. "दुखतंय?"

तिने बराच वेळ पायाकडे पाहिलं.

"दुखत असेल," ती म्हणाली.