सोमवारच्या अकरा गाड्या

आमच्या आप्पांनी एकदा बरोब्बर अकरा गाड्या मोजल्या, आणि त्यापायी त्यांच्या सख्ख्या बापाचा जीव जायची वेळ आली होती.

आज आप्पांना जाऊन वर्ष झालं. आप्पा म्हणजे माझे वडील. कंग्राळीचे. शंभरीला दोन कमी असताना गेले.

लोक म्हणतात, सोनं झालं. झालं असेल. मला मात्र अजून संध्याकाळी फोन वाजला की तेच वाटतात.

ही गोष्ट स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची. आप्पा नुकतेच मॅट्रिक झाले होते. रहदारी मोजून बेळगावच्या रस्त्यांचा आराखडा करायला पुण्याहून एक इंजिनिअर साहेब आले होते. आज आपण ज्याला traffic survey म्हणतो ना, तेच.

आप्पांना त्यांनी पंधरा दिवसांच्या बोलीवर घेतलं. काम बरं केलंस तर ऑफिसात कायम, असा शब्द दिला. त्या शब्दावर सदलग्याच्या एका मुलीशी आप्पांचं लग्नसुद्धा ठरलं. (ती मुलगी म्हणजे माझी आई.)

काम काय? गावाकडून शहरात येणाऱ्या रस्त्यावर ओढ्याजवळ बसायचं. बैलगाडी गेली की वहीत एक रेघ. टांगा, सायकल, मोटार यांच्या रेघा वेगळ्या.

साहेब म्हणाले, "सोमवारी मोज. आठवड्याची सुरुवात असते, भरपूर रहदारी मिळेल."

आप्पा उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसले. पाणी प्यायलाही उठले नाहीत.

बैलगाड्या, अकरा.

"एवढ्याच?"

"व्हय साहेब."

झालं. आप्पांची चूक ती एवढीच.

सोमवारी आमच्याकडं बैल जुंपत नाहीत हो! महादेवाचा वार. नंदीला सुट्टी. त्या अकरा गाड्या कुठल्या तरी परगावच्या भाड्याच्या असणार.

आप्पांना हे माहीत नव्हतं का? जन्मापासून माहीत होतं. म्हणूनच तर सांगायचं सुचलं नाही. पाणी ओलं असतं हे कोण कुणाला सांगत बसतं?

गुरुवारी साहेबांनी त्यांना नकाशावर आकडे उतरवायला बसवलं. तिथं आप्पांनी ओढ्यावर आखलेला नवा पूल पाहिला. एक मोटार जेमतेम जाईल एवढा. कठडा गुडघाभर. शेजारी कारण लिहिलेलं, बैलगाड्यांची रहदारी नगण्य.

आप्पांच्या हातातला टाक थांबला.

कारण त्याच वाटेनं माझे आजोबा सोमवार सोडून रोज बटाटे आणि कोबी घेऊन बाजारात जायचे. आणि त्यांचा तांबडा बैल मोटारीचा भोंगा ऐकला की आडवी उडी मारायचा. रस्त्यावर ठीक आहे. त्या पुलावर उडी मारून जाणार कुठं? खाली ओढ्यात!

बोलावं तर नोकरी जाणार. नोकरी गेली तर लग्न मोडणार. गप्प बसावं तर...

चार दिवस आप्पांना घास गिळेना. आजोबांना ते अण्णा म्हणायचे.

"काय झालंय रं?" अण्णांनी विचारलं. "निस्ता ताटात बोटं फिरवतोस."

"काय न्हाय अण्णा. प्वाट दुखतंय."

"मग ओवा खा."

मंगळवारी नकाशे मंजुरीला जायचे होते. त्या सकाळी आप्पा साहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"साहेब, मोजणी बरोबर हाय. वार चुकलाय."

"म्हणजे?"

"सोमवारी आमच्यात बैल जुंपत न्हाईत."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, सगळ्यास्नी ठावं असतंय."

साहेब संतापले. पण माणूस कामाचा खरा. चहा तसाच टाकून आप्पांबरोबर ओढ्यावर आले, वही स्वतःच्या हातात घेतली. दुपारच्या आत पान भरलं, मागची बाजूही भरली.

नकाशा थांबला. पूल दुप्पट रुंद झाला.

आप्पांची नोकरी मात्र गेली. "तुझ्यामुळं सगळं काम पुन्हा करावं लागलं," म्हणाले साहेब. सदलग्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वर्षभर फुगून बसले, पण लग्न मोडलं नाही. आईनं हे आप्पांना शेवटपर्यंत ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी हसत ऐकवलं.

पुढच्या उन्हाळ्यात पूल सुरू झाला. आप्पांचा विश्वास कुठं बसतोय! पहिल्याच दिवशी पहाटे जाऊन कठड्याला टेकून उभे.

अण्णांची गाडी पुलावर आली.

समोरून लॉरी आली. आणि भोंगा वाजला.

तांबड्यानं उडी मारली. दुसऱ्या बैलाला आणि गाडीला घेऊन चांगला दोन हात बाजूला गेला.

पायाखाली मात्र दगडच होता. पुलाचा.

लॉरी निघून गेली. "हाऽ, गप रं," म्हणत अण्णांनी कासरा ओढला आणि बाजाराकडं गेले. त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

आप्पा तिथंच मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडले.

त्यानंतरची सगळी वर्षं त्यांनी काळजीतच काढली. आम्ही भावंडं कुठंही जायला निघालो की ते फोनजवळ बसायचे. "पोचलीस काय गं?" मी चिडायची. साठीला आलेल्या बाईला कुणी असं विचारतं का?

आप्पा, आता उठा फोनजवळनं.

आम्ही सगळी पोचलो हाय.

तुमच्या लेकीचा नमस्कार.