तो गणपती कोणी काढला

कॉम्प्युटर नसताना कॉम्प्युटर शिकायचा शहाणपणा मी केलेला आहे. गोष्ट नव्वदीतली. दुर्गच्या मोहन नगरात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात नवा कॉम्प्युटर आला होता. मालकाने चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या चार व्हिडिओ कॅसेट माझ्या हातात दिल्या. आठ दिवसांनी पत्रिकेवरचा गणपती काढून दाखव, मग नोकरी पक्की, म्हणाला. मला ती नोकरी हवीच होती. बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसले होते आणि येणारा-जाणारा फक्त स्थळांबद्दल बोलायचा.

सेक्टर सहामधल्या आमच्या स्टील प्लांटच्या क्वार्टरात शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणला. टीव्हीवरचा मास्तर इंग्रजीत बोलत एकेक बिंदू ठेवायचा, बिंदूला फुटलेली दांडी ओढायचा, की रेघ आपोआप वळायची. माझ्याकडे माऊस कुठला? मी साबणाची डबी सतरंजीवर सरकवायचे. आई हसून हसून बेजार.

बाबा प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग शाईने ट्रेसिंग पेपरवर उतरवायची, हेच त्यांचं काम. तिसऱ्या दिवशी तेही खुर्ची ओढून बसले. मास्तरचं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण रेघ कळत होती. मी वहीतल्या गणपतीवर ठिपके मांडत होते.

"इतके ठिपके कावून देऊन राहिली वं? वळण बदलते तिथंच दे."

"बाबा, हे कॉम्प्युटरचं काम आहे. तुमाले नाही समजणार," मी फटकन बोलले. त्यांनी खुर्ची परत जागेवर नेऊन ठेवली.

पण गणपती काही केल्या जमेना. सोंड नळासारखी यायची. सातव्या दिवशी मीच निमूटपणे ट्रेसिंग पेपर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मनानेच काढला. मोजक्या रेघांत गणपती आणि प्रत्येक वळणावर पेन्सिलीचा बारीक ठिपका.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला स्कूटरवर दुकानात नेलं. मालक बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी तो कागद मॉनिटरच्या काचेवर टेपने चिकटवला, ठिपक्यावर ठिपका ठेवत माऊसने गणपती गिरवला आणि मालक यायच्या आत कागद पर्समध्ये कोंबला.

मालक आत आला आणि स्क्रीनकडे वाकून बघू लागला. "वाह! डिज़ाइन किसका है?"

बाबा दारातच उभे होते.

"मेरा," मी म्हणाले.

बाबांनी मान डोलावली. माझ्या खोट्याला त्यांनी साक्ष दिली, हे मला आजही सहन होत नाही.

घरी चहा देताना मी कसंबसं म्हटलं, "बाबा, चुकलं माहं."

"जाऊ दे वं. आमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन खाने राहतात. एकात काढणाऱ्याची सही, एकात ट्रेस करणाऱ्याची. पहिल्या खान्यात मी कधी सही केलीच नाही. मले सवय आहे."

सहज बोलले आणि बशीत चहा ओतून प्यायले. मला मान वर करवेना. या वेळी काढलं त्यांनी होतं, ट्रेस मी केलं होतं. तो पहिला खाना त्यांचा होता, आणि त्यात मी माझं नाव घातलं होतं.

सकाळी मालकाला खरं सांगायचं ठरवूनच निघाले. त्याने पहिल्या पत्रिकेचा मजकूर पुढे ठेवला आणि म्हणाला, वर तुझाच गणपती लाव. मी "जी" म्हणाले आणि कामाला लागले.