गाय अडली त्या दुपारी

शेजारून खरवस आला की जायफळाच्या वासासरशी मला वडगाव निंबाळकरची ती दुपार आठवते. मी तेव्हा नवी सून, शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि आजच्या काळात देवाधर्माची गरजच काय, हे रोज जेवताना सासऱ्यांना पटवून देणारी. त्या दुपारी आमची गाय अडली. जनावरांचे डॉक्टर कोपरापर्यंत हात घालून आतलं वासरू वळवत होते, मी त्याच्या पायांना बांधलेली दोरी ओढत होते आणि सासरे दारात हात जोडून उभे होते. मी ओरडले, "आबा, हात जोडून काय व्हतंय? हितं येऊन ओढा की!" ते मुकाट्यानं येऊन ओढायला लागले. तेवढ्यात गाईनं मान टाकली. "खंडोबा, वाचव हिला, अनवाणी येते तुझ्या दर्शनाला!" असं कुणीतरी किंचाळलं. वासरू सुळकन बाहेर आलं, गाय त्याला चाटायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो आवाज माझाच होता. सासरे घाम पुसत म्हणाले, "देव न्हाय म्हणतीस, मग नवस कुणाला बोललीस गं?" "डॉक्टरांना," मी म्हणाले. डॉक्टर हात धूत म्हणाले, "माझ्याकडं चपला घालून आलात तरी चालंल." रविवारी मी अनवाणी गेलेच. अजूनही कुणी विचारलं तर देवाधर्माची गरज नाही असंच मी सांगते. फक्त गोठ्यात गाय गाभण असली की जरा हळू आवाजात सांगते.