समुद्राकडची तार

डोळे मिटत चालले आहेत, तरी संघमित्राच्या हातातला कंट्रोलर सुटत नाही. बाहेर अकोल्याचं ऊन रणरणतंय, खोलीत कूलर घरघरतोय, आत माय आडवी झाली आहे. पहाटेपासून एसटी स्टँडाच्या आरक्षण खिडकीत बसून संघमित्रा नुकती घरी आली आहे. दोन घास कसेबसे खाल्ले आणि रोजच्यासारखी टीव्हीसमोर बसली. पडद्यावर बर्फाळ डोंगर आहेत, आणि डोंगराडोंगरांतून उंच लाकडी खांब.

हा गेम तिच्या धाकट्या भावाचा, सुगतचा. कॉलेजात असतानाच त्याच्या किडन्या गेल्या. दिवसाआड डायलिसिस, आणि घरचा जिना चढताना मध्ये बसावं लागायचं. गेममध्ये माणसाला एका ओसाड मुलखात सोडून देतात. लाकूड तोडायचं, निवारा बांधायचा, भुकेला आणि थंडीला पुरून उरायचं. बाकीची पोरं तिथं घरं बांधतात, किल्ले बांधतात. सुगतनं झिपलाईन बांधल्या. या खांबापासून त्या खांबापर्यंत दोर ताणायचा, कप्पीला लटकायचं आणि लांडग्यांच्या दरीवरून सुसाट निघून जायचं. "आपल्याले चालायचंच नाही, ताई," तो म्हणायचा. तो तार ओढायचा, ती लाकडं वाहायची. सगळा मुलूख त्या दोघांनी मिळून तारांनी विणून काढला.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. पण त्या गेममध्ये लाकूड कुजतं. डागडुजी केली नाही तर खांब कोसळतो, तारही जाते. म्हणून रोज दुपारी संघमित्रा कुऱ्हाड घेऊन खांबामागून खांब सांभाळत हिंडते. शेवटचा नीट होतो तोवर पहिला कलायला लागलेला असतो.

आज ती उत्तरेच्या शेवटच्या खांबाशी पोचली आहे. पुढं काय आहे ते तिला ठाऊक नाही. मान छातीवर टेकते.

कूलरचा आवाज वाऱ्याचा होतो.

ती खांबाच्या माथ्यावर उभी आहे, पायांत स्टँडावरच्याच चपला. खाली कुणीतरी दोराला गाठ मारतंय.

"ताई, वरून पकड नं."

सुगत आहे. तिला नवल वाटत नाही. ती दोर धरते. तो भराभर शिडी चढून वर येतो, आणि त्याला धाप लागत नाही.

"दम नाही लागला तुले?"

"आता नाही लागत."

ती त्याचा डावा हात हातात घेते. डायलिसिससाठी तिथली शीर धमनीला जोडली होती. फुगून दोरखंडासारखी झाली होती, आणि बोट ठेवलं की आत मधमाशी असल्यासारखी थरथरायची. आता हात गुळगुळीत आहे. ती बोट तसंच ठेवून उभी राहते.

"काय शोधून रायली?"

"काही नाही."

दोघं कप्पीला लटकतात. खालून दरी सरकते, मग दरीच्या जागी स्टँड सरकतो. वाशिमची गाडी फलाटाला लागली आहे, प्रवासी माना वर करून बघतायत. ती तिच्या खिडकीत बसली आहे, आणि रांगेत सगळ्यांत पुढं सुगत.

"कुठलं?" ती सवयीनं विचारते.

"समुद्राचं."

"समुद्राची गाडी इथून नाही लागत."

"मग तार बांध."

"लाकूड नाही रे. सगळं दुरुस्तीतच जाते." बोलता बोलता तिलाच तिच्या आवाजाचा शीण येतो.

तो खिडकीत कोपरं टेकतो. त्याच्यामागची रांग गेली आहे. तिथं डायलिसिसचा वॉर्ड आहे, पण खाटा रिकाम्या आणि यंत्रांवर चादरी टाकलेल्या. तो त्याच्या नेहमीच्या खाटेवर बसतो, ती पायथ्याच्या स्टुलावर.

"पाय दाबून देऊ?" ती विचारते.

"तू बस. तुहे पाय दे इकडं."

तो तिचे पाय मांडीवर घेतो. टाचा सुजल्या आहेत. तो अंगठ्यानं हळूहळू दाबत राहतो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं, ती पुसत नाही.

"काहून करतं रोज?"

"खांब पडतीन नं."

"पडू दे."

"मग तुह्यं काय राहीन?"

"ताई, मी तार कायले बांधत होतो? चालता येत नव्हतं म्हणून. आता येते. मले नाही लागत खांब."

"मले लागतात," ती म्हणते.

सुगत तिची दुसरी टाच दाबायला घेतो.

"बरं, मग तुले झेपतीन तेवढे ठेव," शेवटी तो म्हणतो आणि उठतो. "चल, समुद्र पाहू."

वॉर्डाच्या दारातून ते बर्फात येतात. तो पुढं चालतो, पण धड सरळ नाही. दगड दिसला की त्याला वळसा घालून बघतो, झुडूप दिसलं की मागं फिरतो. नवे पाय फुटल्यासारखा रेंगाळतो.

"सरळ चाल नं रे!"

"सरळ तर तार जाते."

ती हसते, आणि हसण्यात मागं पडते. पाय उचलत नाहीत. तो एकदा थांबून वळून बघतो. मग थांबत नाही. वाऱ्याला खारट वास यायला लागतो.

"सुगत, थांब! सुगत!"

"मित्रा, ऊठ बाई. मान अवघडन."

माय चहाचा कप घेऊन उभी आहे. कंट्रोलर मांडीत पडला आहे, अंगठा बधिर झाला आहे. पडद्याकडं बघत माय विचारते, "कुठलं पाणी आहे व हे?"

संघमित्राचा गेममधला माणूस खांबाशी नाही. तो वाळूवर उभा आहे, समोर करड्या लाटा. झोपेत अंगठा दाबला गेला असेल, ती मनाशी म्हणते, आणि नकाशा उघडते.

या नकाशात जिथं पाऊल पडलं नाही तेवढं सगळं काळं असतं. उत्तरेचा शेवटचा खांब, त्यापुढं सगळा काळोख. आज त्या काळोखात एक बारीक उजळ वाट उमटली आहे. वाट थोडी पुढं जाते, एका खडकाला पुरा वळसा घालते, मागं फिरून झुडपांपाशी घुटमळते, पुन्हा निघते, आणि तशीच वाकडीतिकडी समुद्राला जाऊन मिळते.

संघमित्रा मायच्या हातातून कप घेते. त्या दिवशी ती एकाही खांबाला हात लावत नाही.