सुकेळ्यांवरचा कॅमेरा

टीव्हीवर चेंडू चौथ्यांदा रेषेच्या आत पडला आणि आमच्या ओटीवर दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांतून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा विकला गेला."

म्हातारा म्हणजे माझा नवरा. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, बुटांवर शेतातली धूळ. टीव्ही त्याच्यापासून सहा हातांवर होता. तो टीव्हीकडेच बघत होता आणि त्यातला चेंडू त्याला दिसत नव्हता. हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं.

"वहिनी, पुन्हा लावा ना," बोळिंजच्या टीमचा कप्तान माझ्या सुनेला म्हणाला.

सुनेने पुन्हा लावलं. चेंडू आडव्या बांबूला लागला, खाली आला, रेषेच्या आत हातभर पडला आणि उसळून बाहेर आला. गोलकीपरने उचलला. पंधरा पावलांवर म्हातारा उभा, दोन्ही हात हलवून सांगतोय, गोल नाही, खेळा.

"एवढं हातभर आत पडलेलं माणसाला दिसत नाही होय?" कप्तान म्हणाला. "गाववाल्यांचा रेफरी, गाववाल्यांना कप. सरळ सांगा ना काका."

 पस्तीस वर्षं म्हातारा आमच्या गावच्या मॅचला शिट्टी वाजवत होता. शिव्या पुष्कळांनी दिल्या होत्या, लबाड कोणी म्हटलं नव्हतं. आता म्हणत होते. लबाड ठरला तर शिट्टी जाणार होती, आंधळा ठरला तरी जाणार होती. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं की त्याने निवड केली आहे. तो लबाड व्हायला तयार होता.

तो कॅमेरा आमच्याकडे आला सुकेळ्यांमुळे. आगाशीजवळ आमची वाडी आहे. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी गुंडाळून आत घ्यायची, सकाळी पुन्हा पसरायची. आठवडाभराने ती मधाच्या रंगाची होतात, ती सुकेळी. त्या हंगामात मांडवावरची सुकेळी कमी व्हायला लागली. मी ओळीने मांडते, त्यामुळे भोक दिसतं. मुलगा बोटीवर असतो, तो सुट्टीवर आला होता. त्याने बाजारातून कॅमेरा आणून ओटीच्या खांबाला ठोकला. त्यात मांडव दिसायचा, मागे कुंपण, कुंपणापलीकडे भाताचं शेत आणि शेतात पश्चिमेकडचा गोल. भात कापून झालं की त्या शेतात फुटबॉल सुरू होतो. गोल दिसावा म्हणून कॅमेरा लावला नव्हता. मागे होता म्हणून दिसत होता.

आठ दिवसांत चोर सापडला. त्याला साखर होती आणि तो घरातच राहत होता. त्यानंतर कॅमेरा कशाला ठेवायचा ते कळेना, पण लावलेला होता म्हणून राहिला.

म्हाताऱ्याला मी बोलले नाही, कारण त्या चित्रात मला चोरीपेक्षा वेगळंच दिसलं. तो बघून उचलत नव्हता. चाचपत होता. चटईवर हात फिरवायचा, एखादं हाताला लागलं की तोंडात. समोर चार बोटांवर चांगलं जाडजूड असायचं, तिकडे हात जायचा नाही. मग मी लक्ष ठेवायला लागले. चहा बशीत कमी आणि टेबलावर जास्त. दोरीवरच्या शर्टाला एकदा "केव्हा आलास?" म्हणाला. मी समजले. डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पण मॅचेस तोंडावर होत्या आणि शिट्टीशिवाय हा माणूस दिवसभर घरात काय करेल, ह्याची मला धास्ती होती. म्हटलं, स्पर्धा होऊन जाऊ दे.

कॅमेऱ्याने गोल ठरवायचा की नाही ह्यावर आमच्या घरात ह्या मॅचच्या कितीतरी आधीपासून भांडण होतं. सून कोल्हापूरची. तिच्या माहेरी पेठापेठांत फुटबॉलवरून बोलणं बंद होतं, त्यामुळे तिला सगळं कळतं. परदेशातल्या मॅचेस ती सासऱ्याबरोबर बसून बघायची. तिकडे गोल झाला की रेफरी कानावर हात ठेवून उभा राहतो. मग हवेत बोटाने चौकोन काढतो, कडेला जाऊन लहान टीव्हीत बघतो आणि परत येऊन सांगतो की गोल नव्हता. त्या चौकोनाने म्हाताऱ्याचं डोकं फिरायचं.

"मैदानात उभा आहे त्याला दिसलं नाही, आणि खोलीत एसी लावून बसलेत त्यांना दिसलं?"

"बाबा, त्यांना दहा बाजूंनी दिसतंय की," सून म्हणायची. "चूक झाली तर दुरुस्त करायला नको?"

"चूक खेळात धरलेलीच असते. गोलकीपरच्या हातून बॉल सुटला तर थांबा, त्याला परत पकडू द्या, म्हणता का? मग रेफरीची चूक तेवढी काय म्हणून धुवायची?"

हे मला पटायचं. पण मी बोलत नसे. त्याला पटलं म्हणून सांगितलं की तो अजून तासभर बोलतो.

एकदा एकाने चांगला गोल मारला. माणसं नाचली, एकमेकांच्या अंगावर पडली. मग टीव्हीवर निळी रेघ आली, लाल रेघ आली आणि गोल काढून घेतला. मी सुनेला विचारलं, "काय झालं?"

"ऑफसाइड, आई. पुढं होता तो."

"काय पुढे होतं?"

"बगल."

"बगलेने गोल मारतात?"

"न्हाई आई, पण नियम आहे."

मी उठून सुकेळी निवडायला गेले. माझं मत दोघांनाही नको होतं, म्हणून इथे लिहिते. मी केळ्याचा घड दिवसातून दोनदा बघते. दुसऱ्यांदा बघण्यात कमीपणा आहे असं मला कधी वाटलं नाही. पण घडाला घाई नसते. इथे बावीस दांडगी माणसं कमरेवर हात ठेवून ताटकळतात आणि बघणाऱ्याला ओरडावं की थांबावं ते कळत नाही. चूक दुरुस्त होते हे खरं. आनंद शिळा होतो हेही खरं.

"आपल्याकडे हे आलं तर मी शिट्टी विहिरीत टाकीन," म्हातारा म्हणाला होता.

आलं ते आमच्याच घरातून आलं. रविवार होता, दुपारची फायनल. आमचं गाव आणि बोळिंजच्या बिल्डिंगवाल्यांची टीम, दोघांचा एकेक गोल, शेवटची चार मिनिटं. बोळिंजवाल्याने लांबून मारला, तो बांबूला लागला, म्हातारा म्हणाला गोल नाही. बोळिंजची टीम त्याच्याभोवती जमली, मग गाव जमलं. सून कुंपणाशी उभी राहून बघत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या कॅमेऱ्यात आलं असंल की."

त्यानंतर आमंत्रणाची गरज पडली नाही. सगळे कुंपण ओलांडून आत आले. एक मांडव आडवा झाला.

तर ते ओटीवर उभे होते आणि पाचव्यांदा बघून झालं होतं. आमच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "रेफरीची शिट्टी ती शेवटची. तो कॅमेरा सुकेळ्यांचा आहे, फुटबॉलचा नाही."

"मग गोल काय सुकेळ्यांनी मारला?" कप्तान म्हणाला. "काका, देवाशप्पथ सांगा, तुम्हाला आत दिसला होता की नव्हता?"

म्हातारा जमिनीकडे बघत होता. तो बोलणार नाही हे मला दिसलं.

मी म्हटलं, "त्यांना दिसत नाही."

"काय, काकी?"

"मोतीबिंदू असणार. दोन्ही डोळ्यांत. हंगामभर बघतेय मी. विकले गेलेले नाहीत. ह्यांना विकत कोण घेणार?"

कोणीतरी हसलं. म्हातारा म्हणाला, "तुला कोणी विचारलं?"

"मला नाही विचारलं. तुम्हाला विचारत होते, तुम्ही बोलत नव्हता."

"वा काकी," कप्तान म्हणाला. "एवढा वेळ धावत होते, आता पकडले गेले तर एकदम आंधळे झाले."

त्याचं बरोबर होतं. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी सुनेला म्हटलं, "सकाळचं लाव. चहानंतरचं."

"आई, नको," सून म्हणाली. चोर कोण ते तिलाही माहीत होतं.

"लाव."

तिने लावलं. टीव्हीवर म्हातारा मांडवाशी आला. आधी घराकडे कान दिला, मग चटईवर हात टाकला. हात रिकाम्या जागी फिरला, पुढे गेला, मागे आला. त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर एक कावळा बसून सुकेळं खात होता. हात जवळ आला तसा कावळा दोन पावलं सरकला आणि परत खायला लागला. उडाला नाही. म्हाताऱ्याने सगळी जागा चाचपली, शेवटी एक मिळालं, ते तोंडात घातलं आणि जाताना मांडवाच्या बांबूला धडकला.

 ह्या वेळी कप्तानाने पुन्हा लावा म्हटलं नाही.

"काका," अध्यक्ष म्हणाला, "साखर आहे ना तुम्हाला?"

"थोडीशी," म्हातारा म्हणाला.

कप्तान माझ्याकडे वळला. आवाज खाली आला होता. "दिसत नाही हे माहीत होतं तर मैदानात पाठवलं कशाला, काकी?"

"माझी चूक," मी म्हटलं. "त्यांची चूक आजची आहे. माझी हंगामभराची."

म्हाताऱ्याने शिट्टी मुठीत धरली आणि म्हणाला, "चला." तो पुढे, माणसं मागे. मी हात धरला नाही. त्या शेताची वाट त्याच्या पायांना पाठ आहे. मधोमध जाऊन तो उभा राहिला, शिट्टी वाजवली आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत चौकोन काढला. चांगला मोठा काढला, सगळ्या बाजूंनी. मग मधल्या जागेकडे हात केला. गोल. बोळिंज दोन, आम्ही एक.

उरलेल्या चार मिनिटांसाठी त्याने दोन्ही टीमना सांगितलं, "मला दिसत नाही. ज्याच्याकडून फाउल होईल त्याने आपला हात वर करायचा." तीनदा हात वर झाले. एकदा आमच्या पोराचा, दोनदा बोळिंजच्या. पस्तीस वर्षांत तेवढीच चार मिनिटं भांडणाशिवाय गेली. मग शेवटची शिट्टी वाजवून तो घरी आला, शिट्टी देवाजवळच्या खिळ्याला अडकवली आणि माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. सुकेळीही खाल्ली नाहीत. साखर उतरली.

गाव आमच्याशी होळीपर्यंत बोललं नाही. मग सुकेळी हवी होती म्हणून बोललं. लबाड मात्र त्याला पुन्हा कोणी म्हटलं नाही. बोळिंजचा कप्तान ऑपरेशनच्या दिवशी गाडी घेऊन आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, पण निभावलं.

पट्टी निघाल्यावर म्हाताऱ्याने सुनेला तो गोल लावायला सांगितला. ती म्हणाली, "बाबा, पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्यावर नवीन भरतं."

"काय भरतं?"

"सुकेळी."

 म्हातारा मला म्हणाला, "खरंच हातभर आत होता?"

"हातभर."

"वीतभर असेल."

अजूनही तो वीतभरच म्हणतो. दाखवायला काही उरलेलं नाही, त्यामुळे तो हरत नाही.

रेफरीचं काम मंडळाने दुसऱ्याला दिलं. शिट्टी मंडळाने स्वतःची नवीन आणली, आमची खिळ्यालाच आहे. म्हातारा रेषेजवळ खुर्ची टाकून बसतो आणि त्याला आता सगळं दिसतं, त्यामुळे तो आधीपेक्षा जास्त ओरडतो. प्रत्येक गोलनंतर चार जण मोबाइल काढतात, चार मोबाइलांत चार तऱ्हेचं दिसतं आणि भांडण चार पट होतं. सून म्हणते, चांगले कॅमेरे लावले तर होणार नाही. लावोत. चेंडू कुठे पडला ते कॅमेरा सांगतो, ते मी माझ्या ओटीवर बघितलं आहे. पण माझा नवरा लबाड नाही हे गोलाच्या चित्रात नव्हतं. ते कावळ्याच्या चित्रात होतं, आणि ते लाव म्हणून सांगायला मी तिथे होते.

कॅमेऱ्यात पुढच्या पावसाळ्यात पाणी गेलं आणि तो बंद पडला. नवीन घेतला नाही. गोलचे बांबू वाळवीने खाल्ले, आता लोखंडी आहेत. म्हातारा आहे. मी आहे.