झाडाखालचा रिवाज

आमच्या नाटक कंपनीत पडदा ओढणारे कारभारीनाना म्हातारपणी दौलताबादला सीताफळांच्या बागेची राखण करायचे. घर त्याच पगारावर चालायचं. वाटसरूनं झाडाखाली बसून भूक भागवावी, बरोबर मात्र काही नेऊ नये, हा तिथला जुना रिवाज. यंदा बाग विश्वजीत नावाच्या तरुण व्यापाऱ्यानं घेतली. मी नानांना भेटायला गेलो, त्याच दिवशी एक मजूर बाई फळ खाताना त्याला दिसली.

“नाना, चोरी होतेय आणि तुम्ही गप्पा मारताय?”

“मालक, उपाशी माणसानं खाल्लं, त्याला चोरी नाय म्हणत.”

“कोणत्या कायद्यात लिहिलंय?”

“लिहायच्या आधीपासून हाय ते. भूक काय कागद बघून लागती व्हय?”

“मग उद्यापासून घरीच बसा, वकीलसाहेब!”

नानांनी काठी झाडाला टेकवली. तेवढ्यात बाईनं उद्यासाठी म्हणून आणखी दोन फळं पदरात घेतली.

“ती ठेव, बाई.”

“आता तुमी कुठं राखणदार हाय, बाबा?”

“नसंना का. तुझं पोट भरलं. बाकीचं त्यांचं हाय.”

तिनं फळं खाली ठेवली. विश्वजीत त्यांच्याकडं बघत राहिला, पण त्यानं नानांना परत बोलावलं नाही. आम्ही दोघं फाट्याकडं चालू लागलो.